दोन सराउंड सेट, एक कॉम्प्युटर आणि एकच घड्याळ

आजचा विषय तसा छोटा, पण वायरींचा गुंता मोठा. घरात एक जुना ५.१ स्पीकर सेट असतो, मग कुठल्यातरी सेलमध्ये दुसरा येतो, आणि डोक्यात किडा वळवळायला लागतो: दोन्ही एकाच कॉम्प्युटरला जोडले तर? तर हो, जोडता येतात. फक्त आवाजाला फाटा कुठे फोडायचा, ते कळलं पाहिजे.

बहुतेकांना आधी सुचतं ते असं. पहिला सेट मदरबोर्डच्या साउंड कार्डावर, दुसऱ्यासाठी एक यूएसबी साउंड कार्ड. पण विंडोज साधारणपणे एकाच डिफॉल्ट डिव्हाइसला आवाज पाठवतं. व्हॉइसमीटरसारखं सॉफ्टवेअर टाकून दोन्हीकडे पाठवता येतो, पण खरी गंमत तिथून पुढे आहे.

प्रत्येक साउंड कार्डाचं स्वतःचं घड्याळ असतं, क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारं. त्याच्या ठोक्यावर सेकंदाला, समजा, ४८,००० सॅम्पल बाहेर पडतात. आता दोन वेगळे स्फटिक तंतोतंत सारखे कधीच चालत नाहीत. धरून चला, दहा लाखांत फक्त ५० चा फरक आहे. दहा मिनिटांत दोन्ही सेटमध्ये ३० मिलिसेकंदांचं अंतर पडेल, तासाभरात १८०. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साठेक मीटर पुढे जातो! म्हणजे एकच संवाद दोनदा ऐकू येणार, मोठ्या रिकाम्या सभागृहात बोलल्यासारखा. यावर उपाय आहेत. मॅकमध्ये ड्रिफ्ट करेक्शन असतं, लिनक्सवर पल्सऑडिओ दोन्ही कार्डांचा वेग सतत जुळवत राहतं. पण घरगुती कामासाठी एवढा खटाटोप कशाला?

सोपा मार्ग म्हणजे घड्याळ एकच ठेवायचं, आणि फाटा त्याच्यानंतर फोडायचा. साउंड कार्डाच्या मागे ५.१ साठी तीन जॅक असतात. हिरवा पुढच्या स्पीकरांचा, काळा मागच्यांचा, नारिंगी सेंटर आणि सबवूफरचा. प्रत्येकाला एक वाय-स्प्लिटर लावा आणि दोन्ही सेट जोडा. ज्या सेटमध्ये स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, तो कार्डाकडून अगदी नगण्य करंट घेतो, त्यामुळे हे चालतं. उलटं मात्र करू नका, म्हणजे दोन आउटपुट एका स्प्लिटरने एकत्र जोडायचे नाहीत. आणि नुसते, अ‍ॅम्प्लिफायर नसलेले स्पीकर असतील तर एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर समांतर लावताना सांभाळून. आठ ओहमचे दोन स्पीकर मिळून चार ओहमचा भार होतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरला तो झेपेलच असं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढे स्पीकर हवेत कशाला? आमच्या घरचं सांगतो. बाबांना दोन-तीन वर्षांपासून कमी ऐकू येतं. सिनेमा लावला की ते म्हणणार "आवाज वाढव", आई म्हणणार "अरे, शेजारी भांडायला येतील!" शेवटी बाबा पेपर घेऊन आतल्या खोलीत जायचे. त्यांना अडत होतं ते संवादांपाशी, आणि ५.१ मध्ये संवाद मुख्यतः सेंटर स्पीकरमधून येतात. म्हणून आम्ही फक्त नारिंगी जॅकला स्प्लिटर लावला. दुसऱ्या सेटचा सेंटर स्पीकर बाबांच्या खुर्चीशेजारी ठेवला आणि त्या सेटचा बेस पूर्ण कमी केला. त्याचा व्हॉल्यूम बाबांच्या हातात, बाकी घराचा आवाज होता तेवढाच. कानाच्या डॉक्टरांना हा पर्याय नाही, तिकडे जायचंच आहे. पण आता सिनेमा आम्ही तिघं एकत्र बघतो.

दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकर ५.१ वर कॉन्फिगर करा आणि टेस्ट दाबून प्रत्येक स्पीकर तपासा. काही सेटमध्ये सेंटर आणि सबवूफर अदलाबदल झालेले असतात. मूळ आवाजच स्टिरिओ असेल, तर सेंटर गप्प बसू शकतो. अशा वेळी ड्रायव्हरमध्ये स्पीकर फिलसारखी सोय आहे का ते बघा. आणि जोडल्यावर घूं-घूं ऐकू आली, तर तो बहुधा ग्राउंड लूप. कॉम्प्युटर आणि दोन्ही सेट एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. तरी गेली नाही, तर ऑडिओ वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. पण प्लगची अर्थिंगची पिन काढायचा उद्योग कृपा करून करू नका, त्यात जिवाला धोका आहे.

तर मंडळी, दुसरं साउंड कार्ड ऑर्डर करण्याआधी नाक्यावरच्या दुकानातून एक स्प्लिटर आणून बघा. काही अडलं तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!