मोटार रुसते तेव्हां

मोटारगाडी ही हंसण्यासारखी वस्तु आहे काय, असें कोणी विचारलें तर बहुतेक मोटारमालक नाहीं असेंच उत्तर देतील. जिचे हप्ते फेडावयाचे असतात, जिच्या पेट्रोलाचा हिशेब महिनाअखेर डोळ्यांपुढें नाचतो आणि जी ऐन मुहूर्ताच्या वेळीं भर रस्त्यांत बंद पडते, तिच्याकडे विनोदबुद्धीनें पाहणें सोपें नाहीं. तरीही चित्रपटांचा आणि त्यांच्या मागून आलेल्या दूरचित्रवाणीचा इतिहास पाहिला, तर विनोदाच्या या दोन्ही क्षेत्रांत मोटारीनें नटांच्या बरोबरीनें काम केलेलें दिसतें. अशा कांहीं गाड्यांची ओळख करून द्यावी, आणि त्या आपल्या स्मरणांत कां राहिल्या याचा थोडा विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही कीं, विनोदांत अमर झालेल्या गाड्या बहुधा नव्या, वेगवान किंवा किंमती नसतात. त्या जुन्या असतात, स्वस्त असतात आणि हट्टी तर असतातच असतात. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यानें १९०० सालीं हास्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जिवंत माणूस यंत्रासारखा वागूं लागला कीं आपणांस हंसूं येतें, असा सिद्धांत त्यानें तेथें मांडला आहे. सिद्धांत मार्मिक आहे. पण मोटारीच्या विनोदांत त्याची उलट बाजू दिसते. येथें यंत्रच माणसासारखें वागूं लागतें. तें रुसतें, अडतें, भलत्या वेळीं खोकतें, आणि ज्याच्या हातीं चाक असतें त्या माणसाचा स्वभाव चारचौघांत उघडा पाडतें. गाडी बंद पडणें ही घटना क्षुल्लक. ती बंद पडल्यावर मालक काय करतो, ही खरी कथा.

या परंपरेची आद्य नायिका म्हणजे फोर्डची ‘मॉडेल टी’. १९०८ पासून १९२७ पर्यंत अशा दीड कोटीहून अधिक गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. आरंभीं ८५० डॉलरांच्या घरांत असलेली तिची किंमत १९२५ च्या सुमारास, साध्या उघड्या गाडीपुरती, ३०० डॉलरांच्याही खालीं आली. त्यामुळें अमेरिकेंतील शेतकरी, कारकून, कामगार अशा सामान्य माणसांच्या दारांत ती उभी राहिली. विनोदी चित्रें काढणाऱ्यांना ही पर्वणीच होती. जी गाडी सर्वांनीं हाताळली आहे, जिचें पुढलें हॅंडल फिरवतां फिरवतां कितीएकांचीं मनगटें दुखलीं आहेत, तिची फजिती प्रेक्षकांना समजावून सांगावी लागत नाहीं. शिवाय जुनी गाडी इतकी स्वस्त मिळे कीं, ती मोडून टाकल्यानें निर्मात्याचें दिवाळें निघत नसे.

स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी या जोडीनें या गाडीचें सोनें केलें. १९२९ सालच्या ‘पर्फेक्ट डे’ या त्यांच्या छोट्या बोलपटांत दोघे मित्र, त्यांच्या बायका आणि दुखरा पाय पट्ट्यांत गुंडाळलेले एक काका अशी मंडळी वनभोजनास निघते. शेजाऱ्यांचा निरोप घेऊन होतो, हात हालवून होतात, आणि गाडी जागची हालत नाहीं. टायर दगा देतो, शेजाऱ्याशीं विटांची फेकाफेक होते. मग पुन्हा निरोप, पुन्हा हात हालविणें, आणि पुन्हा तेंच. शेवटीं गाडी एकदांची चालूं लागते आणि पाण्यानें भरलेल्या एका खड्ड्यांत सर्व मंडळींसह बुडून जाते. बारकाईनें पाहिलें तर येथें गाडीपेक्षां निरोपाचा उपचारच अधिक अडलेला आहे. निघालों असें एकवार जाहीर केल्यावर न निघणें यांत जी लाज आहे, तीच या चित्राचा विषय होय. पुढें १९३३ सालच्या ‘बिझी बॉडीज’ मध्यें याच जोडीची गाडी लाकूड कापण्याच्या कारखान्यांतील प्रचंड करवतींतून आरपार जाते आणि तिचे उभे दोन भाग होतात.

रेडिओवरून बोलतांना आणखी एका गाडीचें नांव न घेणें हा कृतघ्नपणा होईल. कारण तिची कीर्ति डोळ्यांनीं नव्हे तर कानांनीं पसरली. अमेरिकन विनोदी नट जॅक बेनी याचा रेडिओवरील कार्यक्रम १९३२ पासून १९५५ पर्यंत चालला. त्यांत त्याची एक जुनाट मॅक्सवेल मोटार असे. मॅक्सवेल गाड्या निघणें १९२५ सालींच थांबलें होतें. पण बेनीनें रंगविलेलें पात्र इतकें कवडीचुंबक कीं, नवी गाडी घेण्याचा विचारही त्याला शिवत नसे. त्या गाडीचें खोकणें, शिंकणें आणि धापा टाकणें हें सर्व मेल ब्लँक नांवाचा कलावंत आपल्या तोंडानें काढी. यंत्राचा आवाज माणसाच्या घशांतून निघे, आणि ऐकणाऱ्यास मालकाच्या कंजूषपणाखालीं कण्हणारा एक जीव समोर दिसे.

विनोदाची ही तऱ्हा सर्वांत प्रसन्न रूपानें प्रकटली ती १९५३ सालच्या ‘जेनेव्हीव’ या इंग्रजी चित्रपटांत. हेन्री कॉर्नेलिअस यानें दिग्दर्शित केलेल्या या चित्राचें नांव हेंच गाडीचें नांव. गाडी १९०४ सालची, दारॅक या फ्रेंच बनावटीची; आणि जेनेव्हीव ही पॅरिस नगरीची संरक्षक संत. कथेस आधार आहे तो लंडन ते ब्रायटन अशा, जुन्या मोटारींच्या वार्षिक फेरीचा. इंग्लंडांत १८९६ सालीं एक कायदा झाला आणि मोटारींना ताशीं १४ मैल वेगानें धांवण्याची मोकळीक मिळाली. तत्पूर्वीं यांत्रिक वाहनापुढें एका माणसानें पायीं चालावें, असें बंधन होतें. त्या मुक्ततेचा उत्सव म्हणून त्याच वर्षीं मोटारी लंडनहून ब्रायटनला गेल्या, आणि १९२७ सालीं त्या प्रवासाचें स्मरण म्हणून ही फेरी पुन्हा सुरू झाली.

चित्रपटांत ॲलन आणि त्याची पत्नी वेंडी आपल्या जेनेव्हीवमधून निघतात. त्यांचा मित्र ॲम्ब्रोज हा आपल्या मैत्रिणीसह स्पायकर या डच बनावटीच्या गाडींत असतो. ब्रायटनला पोंचल्यावर दोघां मित्रांत बाचाबाची होते आणि परतीच्या वाटेवर वेस्टमिन्स्टरचा पूल आधीं कोण गांठतो यावर १०० पौंडांची पैज लागते. मग दोन सुशिक्षित गृहस्थ एकमेकांच्या गाड्या बिघडविण्यापर्यंत उतरतात. बायका बिचाऱ्या शेजारीं बसून आपल्या माणसांचें हें पोरपण पाहत राहतात. ॲलनचें काम करणारा नट जॉन ग्रेगसन याला त्या वेळीं मोटार चालवितां येत नव्हती आणि चित्र तयार होत असतांना तो ती शिकला, ही गोष्ट कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावरील धास्तीचा वेगळाच उलगडा होतो!

पण या चित्राचें हृदय शर्यतींत नाहीं. पैज अगदीं रंगांत आलेली असतां एक वृद्ध गृहस्थ जेनेव्हीवजवळ थांबतो. तरुणपणीं आपणांपाशीं अशीच दारॅक होती, आपल्या पत्नीशीं आपला स्नेह त्याच गाडींत जुळला, असें तो सांगूं लागतो. एकेक क्षण मोलाचा आहे. ॲलनला निघून जाणें सहज शक्य आहे. तरी तो थांबतो आणि म्हाताऱ्याचें बोलणें ऐकून घेतो. ती पाहून वेंडीच्या मनांतील सारा राग विरून जातो. पुढें जेनेव्हीव पुलाच्या अगदीं तोंडाशीं येऊन बंद पडते. स्पायकरचीं चाकें ट्रामच्या रुळांत अडकून तिला भलत्याच दिशेला घेऊन जातात. आणि ब्रेक सुटलेली जेनेव्हीव आपली आपणच घरंगळत पुलावर जाऊन पोंचते. मालकानें जिंकण्याचा हट्ट सोडला, तेव्हां गाडीनें त्याला जिंकून दिलें. या दोन्ही गाड्या पुढें नेदर्लंडांतील हेग येथील लाउमन संग्रहालयांत आल्या.

दूरचित्रवाणीनें हाच विनोद प्रत्येकाच्या दिवाणखान्यांत आणून सोडला. ब्रिटिश ‘फॉल्टी टॉवर्स’ या मालिकेच्या १९७५ सालच्या एका भागांत बेसिल फॉल्टी हा हॉटेलवाला, पाहुणे ताटकळत बसले असतां, दुसऱ्या उपाहारगृहांतून बदकाची डिश आणावयास निघतो आणि त्याची लाल ऑस्टिन गाडी वाटेंत बंद पडते. तो तिला दटावतो, तीन आंकडे मोजून शेवटची संधि देतो, आणि मग झाडाची फांदी आणून तिला बडवतो. हें पाहून हंसूं आंवरत नाहीं. पण त्याच भागाच्या आरंभीं, गाडी दुरुस्तीस पाठवा असें बायको सांगत असतां, पैसे वांचविण्यासाठीं बेसिल स्वतःच तिच्याशीं खटपट करीत असतो. अपराध कोणाचा आणि मार कोणाला! आपल्याकडे वाक्यें तींच, फक्त गाडीच्या जागीं पुष्कळदां घरगडी किंवा लहान मूल असतें.

याच्या उलट टोंक म्हणजे १९८१ सालीं सुरू झालेल्या ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ या मालिकेंतील पिवळी तीनचाकी व्हॅन. रिलायंट कंपनीच्या अशा हलक्या गाड्या इंग्लंडांत मोटारसायकलच्या परवान्यावर चालवितां येत, म्हणून गरिबाला त्या परवडत. लंडनच्या पेकम भागांतील डेल हा फिरता विक्रेता आपल्या त्या डुगडुगत्या व्हॅनवर न्यूयॉर्क, पॅरिस आणि पेकम अशीं तीन नांवें ओळीनें रंगवून घेतो. आपण हंसतों, पण तें हंसें क्रूर नसतें. पोट भरण्यासाठीं वणवण करणाऱ्या माणसाचें सारें स्वप्न त्या पत्र्यावर लिहिलेलें असतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९५८ या एकाच वर्षीं येथें असे दोन चित्रपट निघाले कीं, ज्यांत एक खटारा मोटार प्रमुख पात्र आहे. पहिला सत्येन बोस यांचा ‘चलती का नाम गाडी’. अशोककुमार, किशोरकुमार आणि अनुपकुमार या सख्ख्या भावांनीं त्यांत मुंबईंत गॅरेज चालविणाऱ्या तीन भावांचीं कामें केलीं आणि त्यांच्या जुनाट गाडीचें नांव ‘चँपियन’. पावसाळी रात्रीं मधुबालेची गाडी बंद पडते, धाकटा भाऊ ती दुरुस्त करतो, आणि ती मजुरीचे पांच रुपये बारा आणे न देतांच निघून जाते. त्या एवढ्याशा रकमेसाठीं तो श्रीमंतांच्या दारापर्यंत धांवतो, आणि तेथूनच प्रेमकथा उभी राहते. हात काळे करणाऱ्या माणसाची मजुरी ही मागून घेण्यासारखी, मानाची वस्तु आहे, हें या हंसत्याखेळत्या चित्रानें सहज सांगून टाकलें.

दुसरा चित्रपट ऋत्विक घटक यांचा बंगाली ‘अजांत्रिक’, सुबोध घोष यांच्या कथेवरून घेतलेला. बिमल नांवाच्या एकाकी टॅक्सीवाल्याची जुनी शेव्हरलेट हें त्याचें सर्वस्व आहे. तिचें नांव जगद्दल. बंगालींत या शब्दानें जागचा न हलणाऱ्या जड धोंड्याची आठवण होते. लोक त्याची टर उडवितात; तो मात्र तिच्याशीं बोलतो, तिला पाणी पाजतो, तिच्यासाठीं पैसा ओततो. अखेर गाडी संपते आणि मोडीच्या भावानें विकली जाते. तिचे तुकडे वाहून नेले जात असतां एक लहान मूल तिचा भोंगा वाजवीत खेळतें, आणि डोळ्यांत पाणी असलेला बिमल तो आवाज ऐकून हंसतो. विनोदानें आरंभ झालेला प्रवास येथें करुणेपर्यंत येऊन पोंचतो, आणि दोहोंमध्यें फारसें अंतर नव्हतें हें आपणांस कळतें.

श्रोतेहो, या सर्व गाड्यांत एक गोष्ट समान आहे. बंद पडल्यावर त्यांचें बोनेट उघडून मालकाला स्वतः कांहीं करतां येत होतें. आजच्या मोटारींत संगणक बसला आहे. बिघाड झाला कीं एक दिवा लागतो, आणि मालकानें कारखान्याचा रस्ता धरावयाचा असतो. त्यांत सोय आहे, सुरक्षितताही आहे. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु जी वस्तु आपल्या हातांनीं कधींच सुधारावी लागत नाहीं, तिच्याशीं भांडण होत नाहीं आणि लोभही जडत नाहीं. ती जुनी झाली कीं हप्त्यांचा हिशेब मांडून आपण दुसरी आणतों. घरोघरचीं इतर यंत्रेंही आतां याच वाटेनें चाललीं आहेत. थकलेल्या वस्तूला बेसिलप्रमाणें बडवावें, कीं बिमलप्रमाणें तिच्यासाठीं सर्वस्व ओतावें, असा प्रश्न पडण्यापूर्वींच ती दृष्टीआड होते. थकलेल्या माणसांच्या बाबतींत मात्र तो प्रश्न टळत नाहीं. त्याचें उत्तर देण्याचा थोडासा सराव आपणांस या खटारा गाड्यांनीं हंसतां हंसतां करून दिला, हे त्यांचे उपकार मानले पाहिजेत.