दूध उत्पादकांचे, कारखानाही उत्पादकांचा



गुजरातमधील खेडा जिल्ह्याचे दूध मुंबईला जात असे,
परंतु त्याचा भाव व्यापारी ठरवीत;
म्हणून सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली
१९४६ मध्ये आणंद येथे सहकारी संघ,
म्हणजे उत्पादकांच्याच मालकीची संस्था, स्थापन झाला.

संघाशी जोडलेल्या गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाई,
आणि त्यातील स्निग्धांश, म्हणजेच फॅट, तपासून दाम ठरे.

हिवाळ्यात दूध वाढे, मागणी मात्र तेवढीच राही;
हे जादा दूध टिकवण्यासाठी
संघात काम करणारे वर्गीस कुरियन आणि एच. एम. दलाया यांनी
म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचे तंत्र यशस्वी केले,
आणि १९५५ मध्ये संघाने उभारलेल्या कारखान्यात भुकटी व लोणी तयार होऊ लागले.

दूध उत्पादकांचे, आणि कारखानाही उत्पादकांचाच:
'अमूल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाचे हेच सूत्र पुढे देशभरातील दुग्धसहकाराने स्वीकारले.