एक शब्द : चेंज



वर्धापनदिनी इंग्रजी शब्दावर काय बोलावयाचे, असे काहीजणींना वाटेल. पण 'चेंज' हा शब्द इंग्रजांचा राहिला आहे कोठे? भाजीवाली चेंज मागते, दादरला आपण गाडी चेंज करतो, घरी येऊन कपडे चेंज करतो आणि थकलेल्या माणसाला 'जरा चेंज घ्या' म्हणून सांगतो. मराठीत पैशांची मोड वेगळी, हवापालट वेगळा, नोकरीतली बदली वेगळी. आपले हे शब्द मला अधिक नेमके वाटतात.

या शब्दाचे मूळ देवघेवीत आहे. एक वस्तू देऊन दुसरी घेणे, या अर्थाचा लॅटिन शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणून रुपया देऊन घेतलेली नाणीही चेंजच. पूर्वी ही मोड चौसष्ट पैशांची असे. १ एप्रिल १९५७ पासून ती शंभर नव्या पैशांची झाली. आपला 'बदल' अरबीतून आला, आणि 'मोबदला' त्याच कुळातला.

आणखी एक अर्थ आहे, आणि त्याच्यासाठीच मी आज उभी आहे. इंग्रजीत बाईची पाळी जाण्याला 'चेंज ऑफ लाइफ' किंवा नुसते 'द चेंज' म्हणतात. या चेंजचा मोबदला मात्र कोणी हातावर ठेवीत नाही! बहुधा ४५ ते ५५ या वयात हे घडते. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते. ऐन थंडीत खिडकी उघडणाऱ्या बाईला घरची माणसे हसतात, आणि तीही 'वयाचा बदल' म्हणून गप्प बसते. त्रास फार असेल तर त्यावर उपचार आहेत, हे पुष्कळजणींना कोणी सांगितलेलेच नसते.

या मोघम शब्दाखाली नको तेही खपून जाते, याची मला काळजी वाटते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे धरतात. त्यानंतर थोडेसे जरी रक्त दिसले, तरी तो 'चेंज' समजू नये. कारण पुष्कळदा साधे असते. पण क्वचित गर्भाशयाचा कर्करोगही असतो, आणि तो लवकर कळला तर बहुधा बरा होतो. अशा वेळी डॉक्टरांपुढे 'थोडा चेंज वाटतो' असे म्हणू नका. "पाळी जाऊन दोन वर्षे झाली, परवा पुन्हा रक्त दिसले," एवढे सरळ मराठीत सांगा.