सुटून आलेल्या मुलाचा कल्याणमित्र

(वर्षावासानिमित्त विहारात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय थोडा अवघड जागेचा आहे. वस्तीतल्या ज्या मुलांची नावे आपण चारचौघांत घेत नाही, त्यांच्याविषयी बोलायचे आहे. चोरी, मारामारी, मोटारसायकल पळवणे, अशा प्रकरणात सापडलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. त्याला तुरुंगात किंवा विशेष गृहात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडलेले असते. यालाच प्रोबेशन म्हणतात. सरकारी मराठीत परिवीक्षा. पुष्कळांचा समज असा की, प्रोबेशनवर सुटला म्हणजे निर्दोष सुटला, नाहीतर वशिल्याने सुटला. दोन्ही खरे नाही. गुन्हा शाबीत झालेला असतो. शिक्षेऐवजी मुदत मिळालेली असते, जास्तीत जास्त तीन वर्षांची. आणि ही मुदत मुलगा काढतो ती न्यायालयात नव्हे, अधिकाऱ्याच्या कचेरीतही नव्हे. ती तो आपल्या गल्लीत, आपल्या शेजारी काढतो. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

कायद्याने या मुलांसाठी बराच विचार केलेला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ चा. एकवीस वर्षांखालच्या तरुणाला, गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेइतका गंभीर नसेल तर, शक्यतो कैदेत पाठवू नये आणि पाठवायचेच तर न्यायालयाने कारणे लिहून ठेवावीत, असे त्याचे कलम ६ सांगते. हमीवर सुटलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता चिकटू नये म्हणून कलम १२ आहे. अठरा वर्षांखालच्यांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्यात मुलाला आईवडील, पालक किंवा 'योग्य व्यक्ती' यांच्या देखरेखीखाली सोडता येते. आणि काही गंभीर प्रकरणे वगळता, अपिलाची मुदत संपल्यावर त्याची कागदपत्रे नष्ट करावीत असाही दंडक आहे. पाटी पुसून द्यावी, हा त्यामागचा हेतू. पण वस्तीची पाटी कोण पुसणार?

आता कायद्यातली एक अडचण पाहा. १९५८ च्या कायद्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्यापूर्वी न्यायालयाने एक खात्री करून घ्यायची असते: त्या तरुणाला किंवा त्याच्या जामीनदाराला कायम राहण्याचे ठिकाण अथवा नियमित कामधंदा आहे की नाही. नाक्यावर उभे राहून रोज काम शोधणाऱ्या बापाने, भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या आईने हे दाखवायचे कसे? ज्याचे मामा सरकारी नोकरीत, तो मुलगा घरी येतो. ज्याचे कोणी नाही, त्याच्यापुढे हीच अट भिंत होऊन उभी राहते. गुन्हा सारखाच असला तरी. आपल्यापैकी निवृत्त शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले असे कितीतरी उपासक या सभागृहात बसले आहेत. जामीनदार म्हणून त्यांची एक सही काय करू शकते, याचा विचार व्हावा. अर्थात सही म्हणजे जबाबदारी. मुलाला ओळखल्याशिवाय ती कोणी करू नये.

याच कायद्याच्या कलम १३ मध्ये एक दार उघडे ठेवलेले आहे. परिवीक्षा अधिकारी म्हणून सरकारी नोकराबरोबरच राज्य शासनाने मान्यता दिलेल्या संस्थेने पुरवलेली व्यक्तीही काम करू शकते. आणि अपवादात्मक प्रकरणी न्यायालयाला योग्य वाटेल ती अन्य व्यक्तीही. मुळात ही सगळी पद्धत सुरू झाली तीच एका साध्या माणसापासून. अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा बूट बनवणारा कारागीर होता. १८४१ साली त्याने न्यायालयात उभ्या असलेल्या एका दारुड्याची हमी घेतली. मरेपर्यंत, म्हणजे १८५९ पर्यंत, त्याने जवळजवळ दोन हजार माणसांची हमी घेतली. चामड्याचे काम करणाऱ्याच्या हातून हे घडले, याची नोंद आपण तरी घ्यावी.

परंतु या कामाचा सर्वांत मोठा विस्तार झाला तो जपानमध्ये. १८८८ साली शिझुओका येथे किंपारा मेइझेन या उद्योगी गृहस्थाने सुटून आलेल्या कैद्यांसाठी संस्था काढली. त्यामागची हकीकत अशी सांगतात की, तुरुंगातून सुधारून आलेल्या एका माणसाला नातेवाइकांनी थारा दिला नाही आणि त्याने जीव दिला. तुरुंगाने घडवलेला माणूस गावाने मोडला. पुढे १९५० साली कायदा होऊन 'होगोशी' म्हणजे स्वयंसेवक परिवीक्षा अधिकारी ही व्यवस्था पक्की झाली. आज तेथे पगारी अधिकारी हजाराच्या आसपास आणि होगोशी सुमारे ४६ हजार. यांना पगार नाही, फक्त खर्च मिळतो. त्यांत दुकानदार आहेत, गृहिणी आहेत, बौद्ध विहारांचे पुरोहितही आहेत. महिन्यातून दोन-तीन वेळा मुलगा होगोशीच्या घरी येतो, चहा घेतो, बोलतो; होगोशीही त्याच्या घरी जातो. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, क्योतो येथील विद्यार्थ्यांनी १९४७ साली अशा मुलांचे थोरले भाऊ-बहीण होण्याची चळवळ सुरू केली. ती आजही चालू आहे.

तेथे सगळे गोड आहे असे नाही. होगोशींचे सरासरी वय पासष्टच्या घरात गेले आहे, नवे तरुण येत नाहीत. २०२४ साली शिगा प्रांतात एका होगोशीचा त्याच्या घरी खून झाला आणि त्याच्या देखरेखीखालच्या माणसालाच अटक झाली. हे आम्ही मुद्दाम सांगतो. करुणेच्या नावाखाली कोणाला अंधारात ढकलू नये. आपल्याकडे हे काम सुरू करायचे तर पहिल्या भेटी विहारात किंवा वाचनालयात, दोघांनी मिळून, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवूनच व्हाव्यात.

मग या माणसाने करायचे काय? उपदेश तर मुळीच नाही. उपदेश त्या मुलाने ठाण्यात, न्यायालयात, घरात इतका ऐकलेला असतो की त्याचे कान बधिर झालेले असतात. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी खरा मित्र आणि मित्राचे सोंग घेणारा यांतला फरक सांगितला आहे. तोंडावर स्तुती करणारा मित्र नव्हे. संकटात साथ न सोडणारा, चुकीपासून परावृत्त करणारा तो मित्र. कल्याणमित्र हा शब्द आपल्याकडे आहेच, तो या कामाला द्यावा. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येणे, हे त्याचे पहिले काम. या मुलांच्या आयुष्यात सांगितल्या वेळी आलेला माणूस क्वचितच असतो. दुसरे, तारीख लक्षात ठेवणे. हजेरी चुकते ती बहुधा बदमाशीने नव्हे. कागद हरवतो, गाडीभाडे नसते, आईला कामावरून रजा मिळत नाही. तिसरे, दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म, आयटीआयचा प्रवेश, जातीचा दाखला. त्या रांगेत त्याच्याबरोबर उभे राहणे. रोख पैसे मात्र हातात देऊ नयेत. फी भरावी, पास काढून द्यावा.

आणि निम्मे काम मुलाशी नसतेच, ते घराशी असते. धुणीभांडी करणारी आई प्रत्येक तारखेला एका दिवसाचा रोज गमावते, वर एखादे काम सुटते. बाप बोलत नाही, किंवा संध्याकाळी पिऊन आला की फक्त त्याच विषयावर बोलतो. बहिणीचे स्थळ मोडते. धाकट्याला शाळेत भावाच्या नावाने चिडवतात. घरात काही सापडेनासे झाले की सगळ्यांचे डोळे एकाकडे वळतात. अशा घरात दर पंधरवड्याला जाऊन आईशी अर्धा तास बोलणारी एखादी उपासिका जे करील, ते आमच्यासारखे भाषण करणारे करू शकणार नाहीत. "काकू, त्याला रोज सकाळी तेच ते ऐकवू नका," एवढे सांगायलाही आधी चार वेळा जाऊन त्या घरचा चहा प्यावा लागतो.

अंगुलीमालाची कथा आपण दर वर्षावासात ऐकतो. बाबासाहेबांनीही ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली. आपण सांगताना बहुधा त्याच्या प्रव्रज्येपाशी थांबतो. मूळ सुत्तात गोष्ट पुढे जाते. पसेनदी राजा फौज घेऊन त्याला पकडायला निघालेला असतो. भिक्खू झालेला अंगुलीमाल दिसल्यावर तोच राजा त्याला चीवर, भोजन, निवारा देऊ करतो. म्हणजे शासनाने स्वीकारले. पण पुढे तो श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा अंगावर ढेकळे, काठ्या, दगड आले. डोके फुटले, भिक्षापात्र मोडले. ते फेकणारे तुमच्याआमच्यासारखे नागरिकच होते. त्यांचेही कोणी तरी त्याच्या हातून मेलेले असेल, हे विसरून चालणार नाही. ज्याची सायकल गेली, ज्याच्या मुलाला मार बसला, त्या शेजाऱ्याचा राग खोटा नसतो. त्याच्याकडेही कल्याणमित्राने जायला हवे. त्याची भरपाई करून देण्याची सोय कायद्यात आहे, आणि हप्त्याने का होईना ती फेडणारा मुलगा पुन्हा मान वर करून गल्लीतून चालू शकतो.

एक पथ्य मात्र कडक पाळायचे. सुधारलेला मुलगा म्हणून कोणाला व्यासपीठावर बोलावून शाल घालायची नाही, स्मरणिकेत फोटो छापायचा नाही. आपल्या मंडळांना सत्काराची फार हौस! बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा बालकाची ओळख प्रसिद्ध करणे हाच गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये. वंदनेला तो येईल तेव्हा इतरांसारखा मागे बसेल, इतकेच.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आमचे मागणे लहान आहे. पहिल्या वर्षी चार-पाच जणच घ्यावेत, त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात. जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटून त्यांच्याकडून या लोकांचे दोन-तीन दिवसांचे शिक्षण करून घ्यावे. ज्याला आठवड्यातली एक संध्याकाळ सलग वर्षभर देता येणार नाही, त्याने नाव देऊ नये. मध्येच येणे थांबवणारा माणूस त्या मुलाला यापूर्वीच पुष्कळ भेटलेला आहे. नावे देण्यासाठी वही सभागृहाच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.