रक्ताचा फेरा आणि सिकलसेल



शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन करताना आपण हृदयाचे नाव घेतो, लोहिताचे घेतो. लोहित म्हणजे रक्त. ते अंगात फिरते कसे, हे मात्र दहावीनंतर आपण सहसा वाचत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतले कारकून आहोत. तेव्हा हिशेबापासूनच सुरुवात करतो.

युरोपातील वैद्य सुमारे चौदाशे वर्षे असे मानत होते की, यकृत अन्नापासून रक्त बनवते आणि ते अंगात जिरून जाते. इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी मोजून पाहिले आणि १६२८ साली पुस्तक लिहून हे मत खोडले. आजच्या आकड्यांत सांगायचे तर हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ ५ लिटर झाले, आणि तासाला ३०० लिटर! मोठ्या माणसाच्या अंगात रक्तच मुळी ५ लिटरच्या आसपास असते. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. ग्रंथात आहे म्हणून मान्य न करता पारखून घ्यावे, ही शिकवण आपल्याला तरी नवी नाही.

वाट अशी आहे. हृदयाच्या उजव्या बाजूतून रक्त फुप्फुसांत जाते, प्राणवायू घेऊन डाव्या बाजूत येते, तेथून धमन्यांनी सर्वांगात पोहोचते आणि शिरांनी परत येते. धमनी आणि शीर जोडणाऱ्या केशवाहिन्या हार्वेंना दिसल्या नव्हत्या. इटलीच्या माल्पिघी यांनी त्या १६६१ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. काही केशवाहिन्या तर तांबड्या पेशीपेक्षाही अरुंद असतात. पेशी लवचिक असते म्हणून वाकून, दबून पलीकडे जाते. आमचा खरा विषय याच अरुंद जागेपाशी सुरू होतो.

सिकलसेल आजारात तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनमध्ये एक बारीकसा जन्मजात बदल असतो. प्राणवायू सोडल्यावर ही पेशी कडक होऊन विळ्यासारखी वाकते आणि केशवाहिनीत अडकते. मागचा प्रवाह थांबतो आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात.

महाराष्ट्रात हा आजार विदर्भात आणि नंदुरबारकडे अधिक आढळतो. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया या आदिवासी बांधवांत आणि विदर्भातील आपल्या बौद्ध समाजातही. यावर कोणी मागल्या जन्मीचे कर्म काढतो, कोणी मुलाच्या आईला दोष देतो. दोन्ही खोटे. हा दोष एकाच पालकाकडून आला, तर माणूस फक्त वाहक होतो, बहुधा निरोगी राहतो आणि त्याला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या मुलखांत, आफ्रिकेपासून मध्य भारतापर्यंत, तो टिकून राहिला. नागपूरचे संपत रामटेके यांच्या मुलाला हा आजार होता. ते दुःख घरात दडवून न ठेवता त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ऐरोलीत कोकण, घाट, मराठवाडा, विदर्भ अशा सगळ्या भागांतली आपली माणसे राहतात, आणि सोयरिकी आता जिल्हा पाहून होत नाहीत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण लग्नाआधी रक्त तपासावे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हा हिशेब नव्हे; दर खेपेला तीच शक्यता. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन पूर्ण निर्दोष असेल, तर आजारी मूल होत नाही. विद्राव्यता चाचणीवर न थांबता एचपीएलसी चाचणी करावी, म्हणजे थॅलेसेमियाही कळतो. सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांची जोडीही मुलाला त्रास देते. वाहक जोडप्याला गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करून घेता येते.

वधू-वर मेळाव्याच्या अर्जात याचा रकाना असावा, असे काही जण सुचवतात. आम्हाला ते पटत नाही. छापील कागद गावभर फिरतो, आणि त्याचा त्रास मुलींनाच अधिक होतो. अहवाल दोघांनी एकमेकांना दाखवावा. तो समाजासमोर ठेवण्याची गरज नाही.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी डॉक्टरांना आपले मूळ गाव आवर्जून सांगावे. ताप आला तर रात्र काढू नये, तडक रुग्णालय गाठावे. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास कळांचे हल्ले कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. आणि शाळेत बाईंना सांगून ठेवावे की, या मुलाला वर्ग चालू असतानाही पाणी पिऊ द्या, आणि थंडीत, पावसात त्याला मैदानावर उभे करू नका.