उत्तर एक, वाटा अनेक
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. गणितावर मी काय बोलणार? पण एक चूक माझ्या हातून झाली, तीच सांगते.

धाकटा चौथीत असताना त्याला १९ गुणिले ८ घातले. आकडे न मांडताच तो म्हणाला, "वीस आठे एकशे साठ, त्यातून आठ गेले, एकशे बावन्न." उत्तर बरोबर होते. पण मला तसे कोणी शिकवले नव्हते. "लबाडी करतोस!" म्हणून मी रागावले आणि मांडूनच करायला लावले. त्या दिवसापासून तो माझ्यापुढे गणित करीनासा झाला.

सासूबाई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं, बाजारात मी तरी दुसरं काय करते?" शहाण्णव रुपये किलोची डाळ अडीच किलो घ्यायची, तर त्या शंभराच्या भावाने अडीचशे धरतात आणि दहा वजा करतात. दोनशे चाळीस! मी कागदावर १९२ आणि ४८ मिळवून तिथेच पोचते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' असेही आले, तेव्हा केवढा गहजब झाला! समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत होत्या की, जुने नाव काढलेले नाही. लेकराला सोपे जावे म्हणून दुसरे दिले आहे. त्या २०२३ साली वारल्या.

आम्ही ख्रिस्ती घरात शुभवर्तमान वाचतो. ती चार आहेत. पाच भाकरी व दोन मासे यांची गोष्ट चारही जणांनी सांगितली. पण भाकरी जवाच्या होत्या व एका मुलाजवळच्या होत्या, हे एकटा योहान सांगतो. प्रभू एकच, सांगणारे चार. देवाने चौघांचे ऐकवले, आणि मी एका लेकराचे ऐकले नाही, याची मला लाज वाटली.

प्रत्येक वाट बरोबर असते असे मात्र नाही. एखादे लेकरू आठाऐवजी एकच वजा करून १५९ म्हणते. तेव्हा मांडून केलेले गणित चूक दाखवते. एका रीतीने दुसरी पडताळावी.

मी मुलाची माफी मागितली. आता तोच मला त्याची रीत शिकवतो. भगिनींनो, "चुकलं" म्हणण्याआधी लेकराला एवढेच विचारा, "कसं केलंस, बाळा?"