घरातले काम आणि मुलाचा खेळ



लहान मुलांशी घरी काय खेळावे, असा विषय आपण मला दिला आहे. मी बालशिक्षणतज्ज्ञ नव्हे. या विषयावरील काही ग्रंथांचे भाषांतर केले आणि घरी एक मुलगी वाढविली, एवढाच माझा अधिकार. तेव्हा प्रथम एक कबुली देते. मुलगी तीन वर्षांची असताना मी मुलांच्या संगोपनावरील एका पुस्तकाचे भाषांतर करीत होते आणि हस्तलिखित देण्याची मुदत जवळ आली होती. मुलगी पितळी तांब्यातले पाणी पेल्यात ओतीत होती. पाणी सांडले. मी तांब्या तिच्या हातून ओढून घेतला, रंगीत ठोकळ्यांची पेटी तिच्यापुढे ठेवली आणि पुन्हा लिहावयास बसले. समोरच्या पानावर, मुलाने हाती घेतलेले काम हिसकावून घेऊ नये, असेच लिहिलेले होते. ठोकळ्यांना तिने हातही लावला नाही.

भावनगरचे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे या चिंतेतून ते मारिया माँटेसरी यांच्या विचारांकडे वळले आणि १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हटले. सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या वडीलमंडळींनी हे नाव विशेष ध्यानात घ्यावे. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत पाणी ओतणे, गुंड्या लावणे, केर काढणे, टेबल पुसणे या साध्या कामांना मोठे स्थान आहे. मोठ्यांना काम संपवावयाचे असते. मुलाला ते करावयाचे असते. पुसून स्वच्छ झालेले टेबल ते पुन्हा पुसते, याचे कारण हेच.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडला, अनुताई वाघ यांच्यासह, आदिवासी मुलांसाठी काम केले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. शिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

आता अगदी तान्ह्या मुलाचे पाहू. पदराआड तोंड लपवून ‘कुक’ करणे हा खेळ आपल्याकडे घरोघरी आहे. बंगालीत त्यालाच ‘टुकी’ म्हणतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांचे निरीक्षण करताना पाहिले, की सुमारे आठ महिन्यांच्या आतले मूल फडक्याखाली झाकलेले खेळणे शोधीत नाही. जे दिसत नाही तेही कोठेतरी असते, हे त्याला पुढे हळूहळू उमगते. आई पदराआडून पुन्हा प्रकट होते, तेव्हा मूल इतके का हसते, हे यावरून थोडेफार कळते. त्यानंतर काही महिन्यांनी तेच मूल वाटीतला चमचा वीस वेळा खाली टाकते आणि आपण वीस वेळा उचलून देतो. हाही खेळच, फक्त त्यात कंबर आपली दुखते.

दीड-दोन वर्षांनंतर मात्र स्वयंपाकघरासारखी खेळाची जागा नाही. कणकेचा एक गोळा आणि छोटे लाटणे द्यावे. पोळी गोल होत नाही, धुळीने काळीही होते, तरी ती भाजून ताटात वाढावी. डब्यांची झाकणे जुळविणे, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे, ओला रुमाल पिळणे, मोठी माणसे शेजारी बसलेली असताना मटारच्या शेंगा सोलणे, यांत मूल अर्धा तास सहज रमते. शेंगा मात्र तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती देऊ नयेत. दाणा नाकात जातो, घशातही अडकतो. पाण्याच्या बादलीजवळ मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये.

संध्याकाळी सात वाजता कामावरून घरी पोहोचणाऱ्या आईला ‘मुलासाठी वेगळा तास काढा’ असे सांगण्याचे धैर्य मला होत नाही. ती मोबाइल मुलाच्या हाती देते, तेव्हा तिला भाजी चिरण्यापुरती उसंत हवी असते, हे मी जाणते. माझे म्हणणे इतकेच, की त्याच भाजीतली मेथी निवडावयास मुलाला शेजारी बसवावे. भाजी दहा मिनिटे उशिरा होईल आणि त्यात काड्या राहतील. घरातील इतरांनी त्या मुकाट्याने खाव्यात.

दुसऱ्या दिवशी मी तो तांब्या अर्धा भरून मोरीत ठेवला आणि दाराशी पाट घेऊन बसले. पाऊण तास ओतणे चालले होते. त्या पाऊण तासात माझे अर्धे पानही झाले नाही; हस्तलिखित नऊ दिवस उशिरा गेले आणि त्याबद्दल मला एक कडक पत्रही आले. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

वेळ होत आला. ज्यांची मुले दोन वर्षांच्या आतली आहेत, त्यांनी आपले प्रश्न आधी विचारावेत. त्यांना घरी लवकर जावयाचे असेल.